सावरणं कुठे संपतं आणि सक्ती कुठे सुरू होते



ओसीडीवर उपचार घेणारी माणसं थोडी बरी होऊ लागली की एक प्रश्न घेऊन येतात. आजार ऐन भरात असताना हा प्रश्न पडत नाही, तेव्हा फक्त सुटका हवी असते. आजाराची रीत जराशी उमजू लागली की मग विचारतात, 'मॅडम, भीती दाटून आली की मी खोल श्वास घेतो, ते चालेल ना? की तेही आजारातच धरायचं?' कुणी विचारतं, 'मी रोज रात्री रामरक्षा म्हणते, ती सोडायची का?' कुणी म्हणतं, 'आईला फोन केला की बरं वाटतं. तो करायचाच नाही का?' आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय कुणाला लहान वाटेल. पण ज्या घरात ओसीडी आहे तिथे दिवसाचे तासच्या तास या प्रश्नावर खर्च होतात, आणि चुकीच्या बाजूने आधार दिल्यामुळे प्रेमळ माणसांच्या हातून आजार पोसला जातो. म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट आधीच सांगते. मी जी उदाहरणं देईन ती कुणा एका माणसाची नाहीत. अनेकांच्या गोष्टी एकत्र करून, तपशील बदलून ती उभी केली आहेत.

ओसीडी म्हणजे स्वच्छतेची फार आवड, असा एक समज आहे. कपाट आवरताना 'मी जरा ओसीडीवालीच आहे' असं आपण सहज बोलून जातो. ज्यांना हा आजार आहे त्यांना त्यात आवड म्हणावी असं काही सापडत नाही. मनात नको असलेला विचार, चित्र किंवा ऊर्मी घुसते. हाताला काहीतरी घाण लागली असेल. गॅस उघडा राहिला असेल. देवासमोर उभं असताना अभद्र शब्द मनात येतो. तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल, असं एका आईच्या मनात येतं आणि ती सुरी दिसेल तिथून लांब पळते. यातून उठणारी भीती, किळस किंवा अपराधी भावना शमवायला माणूस काहीतरी करतो. धुतो, तपासतो, विचारतो, मोजतो, क्षमा मागतो. पहिल्या भागाला ऑब्सेशन म्हणतात, दुसऱ्याला कम्पल्शन. या दुसऱ्या भागाला मी आज नुसतं 'सक्ती' म्हणेन. ही सक्ती डोळ्यांना दिसतेच असं नाही. मनातल्या मनात मोजणं, वाईट विचारावर चांगला विचार रचणं, कालचा प्रसंग पुन्हा पुन्हा उलगडून पाहणं हीही सक्तीच आहे, आणि शेजारी बसलेल्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात ओसीडीचं प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के आढळलं, म्हणजे शंभरांत जवळपास एक. या सभागृहातल्या गर्दीकडे पाहून तुम्हीच अंदाज करा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. १९७८ साली लंडनमध्ये जॅक रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्वा यांनी एक साधी विचारपूस केली. ज्यांना कसलाही मानसिक आजार नाही अशा लोकांना त्यांनी विचारलं, तुमच्या मनात नको ते, विचित्र, भलते विचार येतात का? सुमारे ८० टक्के लोक हो म्हणाले. गाडी येताना कुणाला तरी रुळावर ढकलावं, देवळात काहीतरी घाणेरडं ओरडावं, असे ते विचार होते. आजारी माणसांचे विचार आणि या निरोगी माणसांचे विचार यांत आशयाच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता. फरक होता तो पुढे काय होतं यात. बहुतेकजण तो विचार 'काहीतरीच' म्हणून सोडून देतात. ओसीडी असलेला माणूस त्याला जाब विचारत बसतो. हा विचार मला आलाच कसा? मी तसा आहे की काय? मी काही केलं नाही आणि खरंच वाईट झालं, तर जबाबदार मीच ना? पॉल साल्कोव्स्किस यांनी १९८५ मध्ये या फुगलेल्या जबाबदारीच्या भावनेवर नेमकं बोट ठेवलं.

जे विचारांच्या बाबतीत खरं आहे ते कृतींच्या बाबतीतही खरं आहे, असं माझं म्हणणं आहे. सक्तीच्या कृती कुठल्या आणि सावरण्याच्या कृती कुठल्या, अशी यादी करता येत नाही. तीच कृती, तोच माणूस, सकाळी सावरणं असतं आणि संध्याकाळी सक्ती. ती कृती कशासाठी केली आणि ती कधी संपते, हे पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही.

गॅसचंच घ्या. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद आहे का हे एकदा पाहणं ही शहाणी सवय आहे, ती कुणी सोडू नये. एक बाई, बँकेत अधिकारी, हिशेबात पैचीही चूक न करणाऱ्या, घराबाहेर पडण्याआधी गॅसची बटणं बघायच्या. आधी एकदा. पुढे तीनदा. मग प्रत्येक बटणावर बोट ठेवून मोठ्याने 'बंद, बंद' म्हणत. लोकल चुकू लागली. मुलीने सुचवलं, आई, मोबाइलवर फोटो काढून ने, शंका आली की बघ. उपाय बिनतोड वाटला आणि काही दिवस चाललाही. मग दादरच्या जिन्यावर थांबून त्या फोटो मोठा करून पाहू लागल्या. बटण सरळ आहे की किंचित तिरपं? हा फोटो आजचाच ना? फोटो काढल्यावर वळताना ओढणी अडकून बटण फिरलं नसेल कशावरून? फोटोचा व्हिडिओ झाला, आणि मग व्हिडिओ काढून झाल्यावर पुन्हा एकदा जाऊन पाहणं आलं.

नेदरलँड्समध्ये मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तो आजारी माणसांवर केलेला नाही, तुमच्याआमच्यासारख्यांवर केला आहे. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी होती. काहींना तीच शेगडी वीस वेळा चालू-बंद करून तपासायला लावली, तर काहींना मधल्या वेळात दुसऱ्याच वस्तू, दिवे, तपासायला दिल्या. शेवटी दोन्ही गटांना विचारलं, शेगडीच्या शेवटच्या तपासणीत तुम्ही काय पाहिलं? उत्तरांच्या अचूकपणात फरक पडला नव्हता. पण ज्यांनी शेगडीच पुन्हा पुन्हा तपासली होती त्यांना ती आठवण धूसर वाटत होती आणि तिच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आठवण शाबूत होती, विश्वास झिजला होता. आपली स्मरणशक्ती कमकुवत झाली म्हणून मी तपासते, असं त्या बाईंना वाटत होतं. घडत होतं ते उलट. त्या तपासत होत्या म्हणून आठवणीवरचा भरवसा उडत होता.

पहिल्यांदा बटण पाहिलं तेव्हा प्रश्न गॅसचा होता आणि त्याचं उत्तर मिळालं होतं. पाचव्यांदा पाहिलं तेव्हा प्रश्न गॅसचा उरलाच नव्हता, तो मनातल्या अस्वस्थतेचा झाला होता. बटणाकडे पाहून अस्वस्थतेचं उत्तर मिळत नाही, म्हणून ती कृती संपत नाही.

कृती कधी संपते, हे पाहणं म्हणूनच उपयोगी ठरतं. २०२० साली सगळ्या जगाला हात धुवायला सांगितलं गेलं, साबणाने, किमान २० सेकंद. पुष्कळांना वाटलं, आता ओसीडी असलेल्यांचं काय होणार? काहींचा आजार खरोखरच बळावला. पण त्या सूचनेला एक शेवट होता हे लक्षात घ्या. वीस सेकंद झाले, नळ बंद, संपलं. हा शेवट बाहेरच्या जगाने ठरवून दिलेला होता. सक्तीचा शेवट आत असतो. 'आता बरोबर वाटलं' असं जोवर वाटत नाही तोवर नळ चालू. साबणाची वडी दोन दिवसांत संपते, कातडी सोलवटते, पण 'बरोबर' वाटत नाही. आपल्याकडे सोवळं, विटाळ, बाहेरून आल्यावरची आंघोळ अशा चालीरीतींच्या आडोशाला हे वर्षानुवर्षं लपून राहतं. 'आजी फार कडक होत्या' असं घरचे कौतुकाने सांगतात. त्या आजी बाथरूममध्ये एकट्या असताना रडत होत्या हे कुणाला ठाऊक नसतं.

आता श्रद्धेविषयी बोलते. इथे मला जरा अधिक वेळ थांबायचं आहे, कारण आपल्या समाजात सावरण्याचं सर्वांत मोठं साधन हेच आहे आणि इथेच डॉक्टर मंडळी घाईने बोलतात. साठीच्या एका बाईंनी सासूबाईंकडून नामस्मरण घेतलेलं. संध्याकाळी दिवा लावून जपाची माळ ओढायची, मन शांत व्हायचं. मुलगा परदेशी गेल्यावर एके दिवशी जप चालू असताना मनात आलं, त्याचं विमान पडलं तर? त्यांनी ती माळ अर्धवट सोडली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केली, कारण अभद्र विचार असलेली माळ देवाला कशी चालेल. पुढे पुढे विचार मधे डोकावला की माळ पुन्हा पहिल्यापासून. विचार येऊ नये म्हणून जितकं जपावं तितका तो येई. एका माळेला दोन तास लागू लागले. जेवणं राहिली, झोप गेली, आणि ज्या देवाजवळ निवांत वाटायचं त्याच्यासमोर त्या आरोपीसारख्या बसू लागल्या.

औषध पिताना माकड आठवायचं नाही, असं सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये तेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितल्यावर लोकांच्या मनात ते अस्वल येतच राहिलं, आणि नंतर विचार करायची मुभा दिली तेव्हा, आधी न दडपणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मनात ते अधिक वेळा आलं. विचाराला बंदी घालणं हा सावरण्याचा उपाय नव्हे, हे या बाईंना समजावून सांगायला या गोष्टीचा मला फार उपयोग झाला.

मग जप सोडायला सांगायचं का? मी सांगत नाही. फ्रॉइडने १९०७ साली धार्मिक आचार आणि सक्तीच्या कृती यांतलं साम्य दाखवलं होतं. साम्य आहेच, पण मला दोहोंतला फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. भक्ती करणाऱ्या माणसाच्या जपात दारावरची बेल वाजते, तो उठतो, दूधवाल्याला पैसे देतो, परत येऊन बसतो आणि जिथे सोडलं तिथून पुढे जातो. त्याला विश्वास असतो की देव समजून घेईल. सक्तीच्या जपात असा विश्वास कुठेच नसतो. तिथे देव हिशेबनीस असतो आणि चुकीला क्षमा नसते. त्या बाईंबरोबर आम्ही ठरवलं की जप रोज करायचा, एकच माळ, आणि मधे कितीही वाईट विचार आला तरी मणी पुढेच सरकेल, मागे जाणार नाही. मुलाविषयीचा विचार आला तर तो मनात असतानाच पुढचं नाम घ्यायचं. पहिले काही दिवस त्यांना आपण पाप करतो आहोत असं वाटत होतं. हाच त्यांचा उपचार होता.

गोव्यात ज्यांचे अवशेष जतन केले आहेत त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे सहकारी आणि जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना ऐन तारुण्यात, १५२२ च्या सुमारास, स्पेनमधल्या मानरेसा गावी असताना असल्याच शंकांनी ग्रासलं होतं. पापांची कबुली दिली, पण काही राहून तर गेलं नाही ना, म्हणून पुन्हा कबुली, पुन्हा कबुली. शेवटी त्यांनी ठरवलं की मागच्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायची नाही. श्रद्धा सोडली नाही, कबुलीची पुनरावृत्ती सोडली. ओसीडीचं नाव जन्माला येण्याच्या कितीतरी आधी एका धार्मिक माणसाने स्वतःपुरती ही रेघ ओढली होती, हे मला विलक्षण वाटतं.

आता घरच्या माणसांकडे वळते. पुण्यात दुचाकी चालवणारा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. खड्ड्यातून चाक गेलं, दणका बसला की त्याच्या मनात येई, आपण कुणाला उडवलं तर नाही? तो मागे वळे, रस्ता बघे, पुढे जाई, पुन्हा वळे. पुण्याचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा त्याला कॉलेजात पोचायला किती वेळ लागत असेल ते सांगायला नको. घरी आल्यावर तो आईला विचारे, 'आई, मी कुणाला धडक दिली नसेल ना?' आई म्हणे, 'नाही रे राजा, तसं झालं असतं तर कळलं नसतं का?' त्याचा चेहरा सैल होई. दहा मिनिटांनी तोच प्रश्न, वेगळ्या शब्दांत. रात्री वडील त्याला गाडीवर बसवून तो रस्ता दाखवून आणत. सकाळी सगळे मिळून वर्तमानपत्रातल्या अपघाताच्या बातम्या बघत.

या आईवडिलांना दोष देणारं कुणी असेल तर माझा त्याला विरोध आहे. पोटचं पोर तडफडत असताना 'नाही रे' म्हणणं याहून स्वाभाविक काय असेल? पण गजकर्णावर खाजवावं तसं होतं. खाजवताना बरं वाटतं आणि चट्टा पसरत जातो. दर वेळी उत्तर मिळाल्यामुळे त्या मुलाच्या मेंदूला दोनच गोष्टी शिकायला मिळतात. एक, ती शंका खरोखर धोक्याची होती. दोन, ती सहन करणं आपल्याला जमणार नव्हतं, आईने वाचवलं. हा शिकवणीचा तास रोज भरतो.

मग आईने काय करायचं? तोंड फिरवायचं का? इथे सावरणं आणि सक्ती यांतला फरक अगदी उघड दिसतो. 'काही झालेलं नाही' हे उत्तर शंकेला दिलेलं असतं. 'तुला आत्ता फार भीती वाटते आहे, मला दिसतंय ते' हे उत्तर मुलाला दिलेलं असतं. दुसऱ्यात खात्री नाही, पण सोबत आहे. आम्ही त्या घरात आधीच, मुलाच्या संमतीने, शांत वेळी ठरवून घेतलं की आई म्हणेल, 'याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय ना. ये, माझ्याजवळ बस, मटार सोलू लाग.' पहिल्या आठवड्यात तो चिडला, आदळआपट झाली, आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. हे मी लपवत नाही, कारण ज्यांना हे करायचं आहे त्यांना आधी माहीत असलेलं बरं. आधार काढून घ्यायचा नसतो, खात्री काढून घ्यायची असते. आणि ती एका दिवसात नव्हे, पायरीपायरीने.

हे पायरीपायरीने करण्याचं शास्त्र आहे. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टींना सामोरं जायला लावलं आणि त्यानंतरची सक्तीची कृती करू दिली नाही. त्यासाठी परिचारिका सतत सोबत असत. त्याआधी ओसीडी म्हणजे जवळजवळ असाध्य दुखणं मानलं जाई. आज या पद्धतीला ईआरपी म्हणतात, भीतीला सामोरं जाणं आणि सक्तीला प्रतिबंध करणं. सिरोटोनिनवर काम करणारी औषधंही आहेत. ती नैराश्यात देतात त्यापेक्षा बऱ्याचदा अधिक मात्रेत द्यावी लागतात आणि परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. 'गोळी घेणं ही पण सक्तीच ना?' असं मला विचारतात. नाही. ठरलेल्या वेळी ठरलेली गोळी घेणं हा उपचार आहे, त्यावर आणखी विचार करू नका.

पण श्वासाचं काय? ध्यानाचं काय? विवेकाने विचार तपासण्याचं काय? हा भाग अवघड आहे.

महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी रुजवली, अल्बर्ट एलिस यांचं काम त्यांनी मराठी वाचकांच्या घरात आणलं. त्यामुळे आपल्याकडच्या वाचत्या माणसाला आपल्या अविवेकी विचाराला प्रश्न विचारण्याची सवय असते, आणि ती चांगली आहे. नोकरीच्या मुलाखतीत नापास झालो म्हणजे मी कवडीमोलाचा, या विचाराची उलटतपासणी करून माणूस मोकळा होतो. तीच उलटतपासणी ओसीडीच्या शंकेवर लावली तर? 'मी कुणाला उडवलं असेल, याला पुरावा काय? पुरावा नाही. पण पुरावा नाही हाच पुरावा पुरेसा आहे का?' अशी ती तीन तास चालते. नाव विवेकाचं, काम सक्तीचं. यात पद्धतीचा दोष नाही. जगाने मला खात्री दिलीच पाहिजे, हा जो हट्ट, त्यालाच तर एलिस अविवेकी म्हणत असत. पण हत्यार चालतं आहे कशासाठी, हे बघावं लागतं.

श्वासाचंही तसंच. परीक्षेआधी छातीत धडधडतं, दोन मिनिटं संथ श्वास घेतला, धडधड थोडी उरली, पेपर लिहायला घेतला. हे सावरणं. मनात अभद्र विचार आला, तो जाईपर्यंत श्वास मोजायचे, सात झाले, आठवा नीट आला नाही, पुन्हा पहिल्यापासून. हे माळेसारखंच झालं.

मार्क फ्रीस्टन हे ओसीडीवर दीर्घकाळ काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि रिचर्ड थ्वेट्स यांनी २००५ मध्ये एका लेखात नेमका हाच प्रश्न घेतला होता, आणि त्यांचंही म्हणणं असंच आहे की बाहेरून दिसणाऱ्या रूपावरून भेद करता येत नाही, हेतू आणि परिणाम पाहावे लागतात. मी माझ्या शब्दांत असं सांगते. सावरण्याची कृती शंका तशीच राहू देते आणि तुम्हाला पुढच्या कामाला पाठवते. सक्तीची कृती म्हणते, आधी शंका मिटव, मग बाकीचं आयुष्य. करून झाल्यावर तुम्ही भाजी आणायला गेलात की तिथेच थांबून 'झालं का नीट?' असं पाहत राहिलात, यावरून बरंच कळतं. ती कृती एखाद्या दिवशी राहून गेली तर नुसती चुटपुट लागते की अनर्थ होईलसं वाटतं, यावरूनही कळतं.

या क्षेत्रात एक मतभेद आहे, तोही सांगते. काही उपचारतज्ज्ञ फार कडक असतात. उपचारात कसलाही आधार नको, भीती अगदी उघडीवाघडी अंगावर घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. रॅकमन, अॅडम राडोम्स्की आणि रोझ शाफरान यांनी २००८ मध्ये याचा फेरविचार मांडला. सुरुवातीच्या काळात काही आधार जपून वापरू दिले तर माणूस उपचार सोडून जात नाही आणि नुकसान होईलच असंही नाही, असं त्यांनी मांडलं. माझा अनुभव या दुसऱ्या बाजूला झुकतो. ज्याने सहा महिन्यांत घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही तो खिशात सॅनिटायझर घेऊन पहिल्यांदा बसमध्ये चढत असेल, तर चढू द्या. मात्र त्याच वेळी ठरवा की ती बाटली कधीपर्यंत. मुदत नसलेला आधार हळूहळू सक्तीत मुरतो.

आता मला सर्वांत काळजीची वाटणारी गोष्ट. 'हे सावरणं की सक्ती?' हा प्रश्न स्वतःच सक्ती होऊ शकतो. मी आतापर्यंत जे सांगितलं ते ऐकून काहींच्या मनात ते आत्ताच सुरू झालं असेल. एका तरुणाने वहीत दोन रकाने आखले होते. दिवसभरातली प्रत्येक कृती तो त्यांत घालत असे. पाणी प्यायलो, ते तहानेने की अस्वस्थता घालवायला? मित्राशी बोललो, ते मैत्रीने की खात्रीसाठी? वही घेऊन तो दर आठवड्याला यायचा आणि शंकास्पद नोंदींवर खुणा करून विचारायचा, ही कुठल्या रकान्यात? अशा वेळी उपचार करणारा माणूस उत्तर देत गेला तर तो त्या पुण्याच्या आईच्या जागी जाऊन बसतो. बाहेरून तो उपचार दिसतो, प्रत्यक्षात आजार तपासणीच्या खोलीत येऊन बसलेला असतो.

म्हणून हा भेद गरजेपुरताच आणि ढोबळ करायचा असतो. तो आधी करायचा, शांत डोक्याने, शक्यतो उपचार करणाऱ्याबरोबर बसून. दोनतीन नियम ठरवायचे. माळ मागे जाणार नाही. गॅस एकदा बघायचा, फोटो नाही. आईला विचारायचं नाही. बाकीच्या शेकडो बारीक कृतींचा निवाडा करायचा नाही. त्यांतल्या काही खरोखर सक्ती असतील, राहू देत. ऐन वेळी मनात आलं की 'हा श्वास मी घेतला तो सक्तीचा तर नव्हता?' तर त्यालाही गॅसच्या शंकेसारखंच वागवायचं. असेलही, नसेलही. आणि हातातलं काम पुढे. त्या तरुणाने वही बंद केली तेव्हा त्याला वाटत होतं की आता आपल्या नकळत सगळ्या सक्ती परत येतील. काही आल्याही. पण वहीत जाणारा वेळ त्याला मिळाला. तो पुन्हा तबला वाजवायला लागला. तबला वाजवणं हे सावरणं की सक्ती, असं त्याने विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

तबल्यासारख्या गोष्टींविषयी इथे दोन वाक्यं बोलू द्या. चालणं, झोप, काम, गाणं, मित्र यांकडे आपण ओसीडीवरचे उपाय म्हणून पाहायला लागलो की त्यांच्यावर नको ते ओझं पडतं. मग चालून आल्यावर माणूस तपासतो की भीती कमी झाली का. चालायचं ते चालण्यासाठी. भीती बरोबर आली तर तिलाही चार पावलं चालू द्यावं.

आता प्रश्नोत्तरं आहेत. तुमच्यातले काहीजण स्वतः या आजारातून जात असतील, काहींच्या घरात तो असेल. उपचार कुठे मिळतात, औषधांचे परिणाम काय, उपचार करणाऱ्याला ईआरपीचा अनुभव आहे का हे कसं विचारायचं, घरच्यांनी सुरुवात कुठून करायची, या सगळ्यांची उत्तरं मी मला येतील तितकी देईन. जवळ कुणीच नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पण 'मी अमुक करतो, ते चालेल का?' असं कुणी विचारलं, तर मी हो किंवा नाही म्हणणार नाही. तुम्ही इतक्या लांबून आलात, आणि मी ते टाळते आहे असं वाटेल. मी हो म्हटलं तर आज रात्रीपुरतं तुम्हाला बरं वाटेल, आणि उद्या सकाळी तुम्ही विचार कराल की मॅडमना मी नीट सांगितलं होतं ना.